नव्याआधीची काकडी

लहानपणापासून मला शिक्षिकाच व्हायचं होतं, असं मी निवृत्तीच्या दिवशी भाषणात ठोकून दिलं. ते धादांत खोटं होतं. गळ्यात हार असला की माणूस असलं काहीतरी बोलतोच. खरं सांगायचं तर बारावी झाल्यावर मी जव्हारच्या आमच्या दोन खोल्यांत पाय पसरून बसले होते आणि डी.एड.चा फॉर्म भरायचा की नाही, यावर घरात रोज तिन्हीसांजेला खडाजंगी व्हायची. बाबा जंगलखात्यात पहारेकरी होते. जन्मभर पावसात भिजलेले. पोरीनं कोरड्या जागी खुर्चीवर बसावं एवढीच त्यांची इच्छा. आई चुलीवरची भाकर उलटता उलटता म्हणायची, "हिच्या नाकावर राग. ही काय शिकवणार? पोरं पळून जातील." मी दोघांवरही डाफरायचे, कारण मला स्वतःलाच काही कळत नव्हतं. शिकवायला आवडेल का नाही हे कसं कळावं? मी उभ्या जन्मात कधी फळ्याच्या त्या बाजूला उभी राहिले नव्हते.

वाट काढली ती धर्मामामानं. हा आईचा चुलतभाऊ. मोखाड्याकडे, सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर त्याची शाळा होती. चार वर्ग, एक खोली आणि एक गुरुजी, म्हणजे तोच. जव्हारला बाजाराला आला की तो आमच्याकडे जेवायला यायचा. त्या दिवशी सुकटीच्या कालवणात भाकर चुरत त्यानं भांडण पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुढच्या सालीच भरायचाय ना फॉर्म? मग दिवाळीपर्यंत पाठवा हिला माझ्याकडं. पहिली-दुसरीसमोर उभी राहून बघू दे. जमलं तर भर म्हणावं, नाही जमलं तर नाद सोड. जमत नसताना मास्तरकी करणारे काय कमी आहेत? त्यात आपल्या घरातली आणखी एक कशाला?" बाबांना ते पटलं. आईलाही पटलं, कारण तिला खात्री होती की मी आठ दिवसांत परत येणार.

पाड्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. मामाचं घर शाळेला लागूनच होतं. कारवीच्या कुडाच्या, शेणानं सारवलेल्या भिंती, वर कौलं. शाळेवर मात्र सरकारी पत्रे, त्यामुळे सर आली की वर्गात आपलाच आवाज आपल्याला ऐकू यायचा नाही. पहाटे मामी नागली दळायला बसायची, त्या घरघरीनं जाग यायची. मग कोंबड्यांची फडफड, मग मामाचा खोकला, मग त्याच्या पहिल्या विडीचा वास. जेवायला नागलीची भाकर, उडदाची आमटी, कधी कंटोळ्यांची भाजी, कधी भाजलेला बोंबील आणि लसणाची तिखटजाळ चटणी. मामी वाढताना काही बोलायची नाही, पण ताटात भाकर उरली तर माझ्याकडे अशी बघायची की मी निमूट संपवायचे. आईपुढे कधी झाले नव्हते इतकी गरीब गाय मी मामीपुढे झाले.

पहिले पंधरा दिवस वर्गात माझी दातखीळ बसायचीच बाकी होती. पोरं बसायची, टकमक बघायची आणि ढिम्म बोलायची नाहीत. त्यांची घरची बोली वेगळी. मला ती कळायची, कारण मीही त्यांच्यातलीच, बाबांचं गाव दोन डोंगर पलीकडे. पण मी ती बोलायचे नाही. जव्हारच्या शाळेत बारा वर्षं घासूनपुसून जी भाषा मिळवली होती ती मी कडक इस्त्रीच्या कपड्यासारखी घालून वर्गात जायचे. "तुम्हाला समजलं का?" असं विचारायचे. कोण बोलणार? मग मी ओरडायचे. मामा पलीकडे तिसरी-चौथीला शिकवता शिकवता ऐकायचा आणि गालात हसायचा. मला एवढा राग यायचा की काय सांगू.

पहिल्यांदा बोलली ती बुधी. दुसरीतली, वयानं आठ-नऊ असेल. कडेवर कायम सहा-सात महिन्यांचा भाऊ, बाळ्या. आईबाप शेतावर तण काढायला, बेणणीला गेले की बाळ्याला सांभाळायचं काम तिचं, म्हणून ती त्याला शाळेतच आणायची. खिडकीच्या गजाला लुगड्याची झोळी बांधायची, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवायची आणि झोका देत देत पाटीवर लिहायची. एकदा मी तिच्या पाटीवर रेघ मारून दिली तर म्हणाली, "बाई, तुमी घाबरून काय ओरडतात? आमी काय नाय करत तुमाला." सगळा वर्ग खदखदून हसला. मीही हसले. त्या दिवसापासून गाडं सुरू झालं. मी काही सांगितलं की पोरं आधी बुधीकडे बघायची आणि बुधी माझ्याकडे. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता, आणि मी त्या विश्वासावर फुगले होते. मामीला मी रात्रीच्या जेवणात सांगितलंसुद्धा, मला जमतंय हे, फॉर्म भरेन म्हणते.

आता नव्याचं सांगायला हवं. आमच्या लोकांत नवं झाल्याशिवाय वेलावरचं, शेतातलं ताजं काही तोंडात घालत नाहीत. घरचा कर्ता आधी नवा भात, काकडी, चवळीच्या शेंगा गावदेवाला दाखवतो, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं ठेवतो, आणि मग घरातले खातात. तोपर्यंत वईच्या कुंपणावर काकड्या लोंबत असल्या तरी पोरंसोरंसुद्धा हात लावत नाहीत. जव्हारला आमच्या घरातही बाबा हे पाळायचे. मी मात्र शाळेबाहेर तिखटमीठ लावलेली काकडी मैत्रिणींबरोबर बिनदिक्कत खायचे. मला कधी काही झालं नाही, आणि एवढ्या पुराव्यावर मी स्वतःला मोठी विज्ञानवादी समजत होते. बाबांचा देव मला मागासलेला वाटायचा. खरं तर बाबाच मला थोडे मागासलेले वाटायचे, आणि हे लिहिताना आज लाज वाटते.

भाद्रपदातला दिवस. मामा मोखाड्याला बैठकीला गेला होता आणि चारही वर्ग माझ्या ताब्यात होते. पुस्तकात धडा होता आहाराचा. फळं, भाज्या, जीवनसत्त्वं. मी शिकवत होते आणि दारातून शाळेची वई दिसत होती. मुलांनीच लावलेला काकडीचा वेल तिच्यावर चढलेला, हातभर काकड्या. माझ्या डोक्यात काय भूत शिरलं कोण जाणे. मी बाहेर गेले, एक काकडी तोडून आणली आणि सगळ्यांसमोर कचकन चावा घेतला. वर्ग एकदम चिडीचूप. पत्र्यावर पाऊस नव्हता, त्यामुळे माझ्या चावण्याचा आवाज मलाच मोठा वाटला. मी म्हणाले, "बघा. काही झालं का मला? जव्हारलाही मी नव्याआधीच खाते. देवाला काय तेवढंच काम आहे, कोणी काकडी खाल्ली ते बघत बसायचं?" मग मी फोडी केल्या आणि एकेकापुढे धरल्या. एकानंही हात पुढे केला नाही. चौथीतला एक मुलगा तर उठून भिंतीला जाऊन टेकला. मला ते झोंबलं. मी बुधीपुढे फोड धरली.

तिनं फोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, काय नाय होत ना?"

"काही होत नाही. मी सांगते ना."

तिनं खाल्ली. पायाच्या अंगठ्यानं बाळ्याला झोका देत, सगळ्यांच्या देखत, सावकाश चावून खाल्ली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वर्गाला म्हणाले, हिला म्हणतात शहाणी मुलगी. मामा आला तेव्हा मी त्याला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. पोरांनीही घरी सांगितलं नाही, कारण शाळेतली गोष्ट घरी सांगायची त्यांना भीती होती. आता मला प्रशिक्षणाला जमलेल्या नव्या शिक्षकांपुढे बोलायला बोलावतात. ते तक्रार करतात, मुलं ऐकत नाहीत. मी मनात म्हणते, बाबांनो, ऐकत नाहीत तोवर तुम्ही सुटलात.

तिसऱ्या दिवशी बुधी एकटीच आली. बाळ्या तापला होता. ती बसली, पाटी काढली, पण लिहिलं काही नाही. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तुमी जव्हारला खाल्ली तवा तुमच्या घरी कोण तापला काय?" मला प्रश्न नीट कळला होता. अगदी नीट कळला होता. पण मी पहिलीची हजेरी लिहीत होते, दोन पोरं भांडत होती, आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे बसून पाच मिनिटं बोलावं लागलं असतं. मी म्हणाले, "काहीतरी बोलू नको. जा, पाढे लिही." ती गेली. पाढे लिहिले तिनं, दोनचा आणि तीनचा. नंतर पाटी पुसून दप्तरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्याला आकडी आली. आमच्या भागात तान्हं मूल तापलं की आईबापांच्या पोटात काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. प्रत्येक घरात एखादं तरी पोर गेलेलं. बाळ्याला आईनं छातीशी बांधलं, बाप पुढे पळाला, आणि उतार उतरून सडकेवर जीप गाठून ते मोखाड्याच्या दवाखान्याकडे निघाले. घरात राहिला बुधीचा आजा, राघूबाबा. तो अंगणात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घरात कोणीतरी नवं उष्टावलाय. त्याबिगर असा नाय व्हायचा." बुधी तेव्हा दारात उभी होती. नंतर ती कोणाला दिसली नाही.

दुपार व्हायच्या आत सगळा पाडा शोधाला लागला होता. मामानं शाळा सोडून दिली. माणसांना वाटलं, पोर आईमागं सडकेला गेली, म्हणून चौघे मोखाड्याच्या दिशेनं पळाले, दोघे उलट बाजूला. बायका शेतांच्या बांधांवरून हाका मारत फिरत होत्या. बुधी गं, ए बुधी. पाऊस मध्येच भरून यायचा आणि हाका बुडवून टाकायचा. मी शाळेच्या पायरीवर उभी होते. ती का गेली हे त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं.

आणि तरी मी बोलले नाही. हे सगळ्यात वाईट आहे आणि म्हणूनच ते लिहायला बसले. मी मनाशी हिशेब करत होते. बोलले तर मामाचं काय? वीस वर्षं त्यानं या पाड्यावर काढली, त्याच्या शब्दावर पोरं शाळेत येतात, आणि त्याची भाची येऊन देवाची टिंगल करून गेली. आणि तिकडे बाळ्याला काही झालं तर? मग राघूबाबाच्या घरच्यांना कोण पटवणार की ताप काकडीनं येत नाही? मीच मारला असं म्हणतील. सापडेल, आत्ता सापडेल, आणि सापडली की बोलायची गरजच नाही, असं मी घोकत होते. मामीनं चुलीवर भात ठेवला, तो शिजला, उतरवला, निवला, कोणी खाल्ला नाही, एवढा वेळ मी गप्प होते.

मग दोन माणसं गळ घेऊन पाड्याच्या विहिरीवर गेली. सगळे तिकडे धावले, मीही धावले. विहीर काठोकाठ भरलेली, पाणी गढूळ. राघूबाबा काठावर उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. गळ दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा अडकला. ओढणारा माणूस थांबला, त्यानं दुसऱ्याकडे पाहिलं, आणि दोघं मिळून हळूहळू दोर ओढू लागले. पाण्यातून वर आलं ते एक कुजकं गोणपाट. बायका रडायलाच लागल्या आणि मी ओरडले, "विहिरीत नाही ती! माझ्यामुळे गेलीय!"

मामा वळला. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. काकडी, फोडी, मी काय बोलले, काल तिनं काय विचारलं आणि मी तिला कसं हाकललं. इस्त्रीची भाषा कुठल्या कुठे गेली होती, बाबांच्या घरची बोली तोंडातून येत होती. मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता. राघूबाबानं डोक्यावरचे हात खाली घेतले.

"तिनं मागली तुझ्यापाशी?"

"नाय बाबा. मीच दिली. काय नाय होत म्हणाले."

मग बोलली ती मामी, आणि तिला एवढं मोठ्यानं बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "मग ती देवाला गेली! कोणी चुकून आधी खाल्ला तर देवापुढं जाऊन तोंडानं सांगाया लागतो. मी खाल्ला म्हणून. मग घर सुटतं. पोराला कळता ना तेवढा. पळा!" गावदेव पाड्याच्या वरच्या अंगाला, ओहोळापलीकडे ऐनाच्या झाडाखाली. एरवी ओहोळ म्हणजे घोट्याएवढं पाणी. पण सकाळपासून वर सूर्यमाळच्या अंगाला काळंकुट्ट झालं होतं, हे सगळ्यांनाच दिसलं होतं. माणसं दोर घेऊन तशीच पळाली. सकाळपासून सडकेवर, बांधांवर आणि विहिरीवर घालवलेला सगळा वेळ माझ्या गप्प बसण्याचा होता.

ओहोळ लाल पाण्यानं फुगून धावत होता. त्याचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कळेना. आणि पलीकडे ऐनाच्या बुंध्याशी बुधी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. जिवंत. मला रडू फुटलं. तिनं आम्हाला बघितलं आणि ती उठली. आपली माणसं दिसली म्हणून तिला बळ आलं असावं. ती सरळ पाण्याकडे चालू लागली. मामा ओरडला, राघूबाबा ओरडला, सगळेच एकदम हात हलवून ओरडू लागले, आणि तिला वाटलं बोलवताहेत. तिनं एक पाऊल पाण्यात टाकलं. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, ती हलली.

मी पुढे झाले. वर्गात दोन महिने ज्या आवाजात ओरडत होते, तोच आवाज लावला, छाती फुटेस्तोवर. "बुधी! खाली बस!" आणि ती मागे सरकून जागच्या जागी मांडी घालून बसली. हात गुडघ्यांवर ठेवून, वर्गात बसायची तशी. एवढं सगळं होऊन गेल्यावरही माझ्या एका शब्दावर बसली. मी त्या काठावर उभी राहून रडत रडत तिला दोन्ही हातांनी खूण करत राहिले, हलू नको, हलू नको. दोन गडी वरच्या अंगानं दोर बांधून पलीकडे उतरले. परत येताना मधल्या धारेत एकाचा पाय सुटला, दोर ताणला गेला, आणि मग तो सावरला. बुधी त्याच्या पाठीवर चिकटून होती. ऊन नव्हतंच, पण अजून उजेड होता.

राघूबाबानं नातीला उचलून घोंगडीत गुंडाळलं. मला वाटलं आता तो मला शिव्या घालेल. घालाव्यात अशी माझी फार इच्छा होती. तो माझ्यासमोर येऊन थांबला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी शिकल्या सवरल्या. तुमाला आमी काय सांगावं? पन पोर आमचा न ऐकता तुमचा ऐकून खाल्लीन ना." एवढंच. मग तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी जीपवाल्याकडून निरोप आला की बाळ्याचा ताप उतरलाय, हिवताप होता, सुया चालू आहेत. मामा देवभोळा नव्हता, पण त्यानं निरोप ऐकून डोळे मिटले. शाळेत मात्र कोणी आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढचे तीन दिवस नाही. मामा रोज सकाळी लोखंडाच्या तुकड्यावर टोले द्यायचा आणि रिकाम्या वर्गात खडू घेऊन बसायचा. मला एका शब्दानं बोलला नाही, तेच मला खात होतं. चौथ्या दिवशी मी पिशवी भरली आणि म्हणाले, "मामा, मी जाते. माझं हे काम नाही. मी आहे तोवर पोरं येणार नाहीत." तो म्हणाला, "जायचं तर जा. कोण धरून ठेवलंय? पण बुधी शाळेत येईपर्यंत थांब. आत्ता गेलीस तर तिला वाटेल तिच्यामुळं गेलीस. आधीच त्या पोरीच्या डोक्यावर काय थोडं आहे?" मी पिशवी कोपऱ्यात ठेवली. पण ती रिकामी केली नाही.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. कडेवर बाळ्या, सुकून काडी झालेला, पण डोळे टकाटक. तिच्यामागे पाच-सहा पोरं, अंतर ठेवून. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला तिची माफी मागायची होती, मी रात्रभर शब्द जुळवले होते. पण तीच आधी बोलली, अगदी हळू, मागच्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"बाई, मी देवाला तुमचा नाव नाय सांगला. मीच तोडली नि मीच खाल्ली, असा सांगला."

मी विचारलं, "का गं?"

"तुमचा नाव घेतला असता तर देव जव्हारला गेला असता ना. तुमच्या घरी."

बाळ्या मरतोय असं वाटत असताना, पुराच्या पलीकडे एकटी बसून या पोरीनं माझं घर वाचवलं होतं. आणि मी काय केलं होतं? भात शिजून निवेपर्यंत तोंड मिटून उभी होते. मी तिथंच पायरीवर बसले. मग मला तिच्या चेहऱ्यावरचं दुसरं काहीतरी दिसलं. तिला आनंद नव्हता झाला. ती घाबरलेलीच होती. ती देवाशी खोटं बोलली होती, बाळ्या बरा झाला होता, आणि आता ते खोटं केव्हा उघडं पडेल याची ती वाट बघत होती. त्या वेळी मी तिला समजावू शकले असते, की हिवताप डासानं येतो, चित्र काढून दाखवू शकले असते. पुढे दाखवलंही. पण त्या सकाळी माझ्या "काही होत नाही"ला काय किंमत उरली होती? मी मामाला सांगितलं, आम्ही जरा जाऊन येतो. त्यानं विचारलं नाही कुठे.

ओहोळाचं पाणी उतरून पुन्हा घोट्याएवढं झालं होतं. ऐनाखाली शेंदूर लावलेला दगड. माझा त्या दगडावर तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. मी हात जोडले. "मी इंदू, जव्हारची. काकडी मी तोडली, मी आधी खाल्ली आणि मीच बुधीला दिली. तिनं मागितली नव्हती. ती खोटं बोलली ते माझ्यासाठी बोलली."

"मोठ्यानं बोला, बाई," बुधी म्हणाली.

मी मोठ्यानं बोलले, घरच्या बोलीत, पहिल्यापासून सगळं. ती शब्द न् शब्द लक्ष देऊन ऐकत होती, पाढे म्हणून घेणाऱ्या मास्तरासारखी. माझं संपल्यावर तिनं थोडा वेळ दगडाकडे बघितलं. मग एक मोठा श्वास सोडला, बाळ्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "झाला आता."

उतरताना ती पुढे होती. मध्येच मागे न बघता तिनं विचारलं, "तुमची पिशवी भरलेली बघली मी खिडकीतून. तुमी जाणार काय?"

"दिवाळीला जाईन. मास्तरणीचं शिकायला जाईन. मग परत येईन, इकडेच."

हे मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. मागे घ्यावं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर तिनं पुन्हा काही विचारलं नव्हतं. माझं ऐकून तिचं समाधान झालं होतं आणि ती बाळ्याला सांगत चालली होती, बाई येणार हाय, तू पहिलीत जाशील तवा बाईच असतील. बाळ्याला ते पहिलीपर्यंत आठवणार नव्हतं. तिला आठवणार होतं. म्हणून मी फॉर्म भरला.